वजन हळू उचलावे की झटक्यात? उचलण्याचा वेग आणि स्नायूंची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी सात वाजता सोलापुरातल्या कुठल्याही जिममध्ये डोकावा. शेजारशेजारच्या बेंचवर दोघे जण तेच ४० किलो मारत असतात. एकाचा दहा काउंटचा सेट वीस सेकंदांत उरकतो, दुसऱ्याचा पाऊण मिनिट चालतो. वहीत मात्र दोघेही लिहितात, '४० किलो, १०'. हे दोन सेट सारखे नाहीत हे उघड आहे, पण म्हणून हळू मारणारा आपोआप पुढे जातो असेही नाही. जिममध्ये, तालमीत आणि भरतीच्या मैदानावर या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. 'काउंट' म्हणजे वजन एकदा वर आणि एकदा खाली. हा शब्द सगळीकडे याच अर्थाने वापरला आहे.

एका वाक्यात सांगा, हळू की जोरात?

वर नेताना जोर लावून, खाली आणताना ताब्यात ठेवून. आकड्यांत सांगायचे तर वर एक ते दीड सेकंद, खाली दोन ते तीन सेकंद, आणि सेट थांबवाल तेव्हा अंगात एखाद-दोन काउंटच शिल्लक असावेत.

ब्रॅड शोनफेल्ड, डॅन ऑगबोर्न आणि जेम्स क्रिगर या संशोधकांनी २०१५ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. पुढचा काउंट निघेनासा होईपर्यंत सेट नेला, तर एका काउंटला अर्धा सेकंद लागो की आठ सेकंद, स्नायूंची वाढ जवळपास सारखीच दिसली. दहा सेकंदांच्या पुढे गेलेले अतिसंथ काउंट मात्र मागे पडले. म्हणजे चालण्याजोगा पट्टा चांगला रुंद आहे. त्या पट्ट्यात आम्ही वरचे आकडे सुचवतो, कारण त्या वेगात सांधे सुरक्षित राहतात, वजनही पुरेसे घेता येते आणि आजचा सेट मागच्या आठवड्याच्या सेटशी ताडून पाहता येतो.

वेगाने एवढा कमी फरक पडत असेल, तर ट्रेनर सारखे 'हळू, हळू' का ओरडतात?

कारण नव्या माणसाचा वेग बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्याही खाली असतो आणि त्यात वजन स्नायूऐवजी झोक्यावर चाललेले असते. त्याला 'हळू' म्हणणे बरोबरच आहे. पण त्यातून 'जितके हळू तितके चांगले' असा समज पसरतो, आणि तो चुकीचा आहे.

स्नायूतले तंतू एकाच वेळी सगळे कामाला लागत नाहीत. मेंदू आधी छोटे, न थकणारे गट कामाला लावतो. जोर वाढवावा लागला की मोठे गट उतरतात. एल्वुड हेनेमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेला हा नियम आजही टिकून आहे. वाढण्याची ताकद जास्त असते ती या मोठ्या गटांत. त्यांना कामावर आणण्याचे दोन रस्ते आहेत : वजन मुळातच जड घ्यायचे, किंवा हलक्या वजनाने छोट्या गटांना इतके दमवायचे की मोठ्यांना उतरावेच लागेल.

दुसरी गोष्ट, तंतू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी पडतो. हे ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये मोजून दाखवले. म्हणून तंतूवर सर्वांत जास्त ताण केव्हा येतो? सगळे गट कामावर आहेत आणि तरीही बार हळूच सरकतो आहे, तेव्हा. सेटचे शेवटचे तीन-चार काउंट आठवा. तुम्ही पूर्ण जोर लावता, पण बार रेंगाळतो. तो मनाविरुद्धचा संथपणा स्नायू वाढवतो.

पहिल्याच काउंटला, अंगात भरपूर दम असताना, २० किलो मुद्दाम रेंगाळत नेले तर दिसायला तेच दिसते. आत मात्र फार थोडे तंतू काम करत असतात. मुद्दाम आणलेला संथपणा आणि थकव्याने आलेला संथपणा यांची गल्लत झाली की महिनोन्महिने घाम गाळूनही हात जिथल्या तिथे राहतो.

झटका देऊन उचलले तर नेमके काय बिघडते?

हिशेबच करू. ४० किलोचा बार छातीपासून अर्धा मीटर वर न्यायचा आहे. अर्धे अंतर वेग वाढवत आणि उरलेले अर्धे वेग कमी करत गेलात, असे धरा. तीन सेकंद लावले तर हातांवर पहिल्या निम्म्यात सुमारे ४१ किलोचा भार येतो आणि दुसऱ्या निम्म्यात ३९ चा. एका सेकंदात नेला तर पहिल्या निम्म्यात ४८, दुसऱ्यात ३२. आणि ०.६ सेकंदात भिरकावला तर पहिल्या निम्म्यात ६३ आणि वरच्या निम्म्यात फक्त १७.

म्हणजे भिरकावणाऱ्याच्या खांद्यावर, तेही सांधा सर्वांत ताणलेला असताना, ६३ किलोचा धक्का बसतो, आणि पुढच्या अर्ध्या वाटेत बार स्वतःच्या गतीने तरंगत जातो. वहीत ४० किलो लिहिले, पण वरच्या टप्प्यात ट्रायसेप्सला, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूला, मिळाले १७. एक सेकंदाच्या आकड्यांत मात्र घाबरण्यासारखे काही नाही. म्हणूनच वर नेताना एक ते दीड सेकंद पुरे, तीन लावण्याची गरज नाही. खरे जड वजन तर भिरकावताच येत नाही. ते आपोआप हळू जाते.

खाली आणण्यावर एवढा भर का?

वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश उतरवण्यात स्नायू जास्त बलवान असतो. जे वजन एकदाही वर जात नाही, ते बहुतेकांना सावरत खाली आणता येते. तेच वजन उतरवताना कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूच्या वाट्याला जास्त ओझे येते, आणि तेही तो ताणला जात असताना. वाढीसाठी हा ताण मोलाचा आहे.

लॅट पुलडाऊनच्या यंत्राजवळ उभे राहून ऐका. प्रत्येक काउंटला प्लेटांचा 'खण्ण' आवाज येत असेल, तर तो माणूस खाली ओढण्याचे काम करतो आणि परतीचा सगळा पल्ला सोडून देतो. प्लेटा एकमेकांवर टेकल्या त्या क्षणी पाठीवरचा ताण शून्य झाला. बार वर जाताना तीन सेकंद धरून ठेवा आणि प्लेटा टेकायच्या बोटभर आधी थांबा.

यातही अति नको. उतरवायला पाच-सहा सेकंद लावल्याने तीन सेकंदांपेक्षा जास्त वाढ होते असे दिसलेले नाही. उलट काउंट घटतात, आणि सवय नसलेल्याचे अंग दोन-तीन दिवस असे आखडते की पुढचा वर्कआउट बुडतो.

'३-१-१-०' असे लिहिलेले असते ते कसे वाचायचे?

चार आकडे, चार टप्पे, सगळे सेकंदांत. पहिला आकडा वजन उतरवण्याचा, दुसरा खालच्या टोकाला थांबण्याचा, तिसरा वर नेण्याचा, चौथा वरच्या टोकाला थांबण्याचा. तिसऱ्या जागी 'एक्स' असेल तर जितक्या जोरात जाईल तितके.

चूक होते ती कर्ल, पुलडाऊन आणि डेडलिफ्टमध्ये. हे व्यायाम उचलण्यापासून किंवा ओढण्यापासून सुरू होतात, म्हणून लोक पहिला आकडा त्याला लावतात. मग कर्ल तीन सेकंदांत वर जातो आणि एका सेकंदात खाली पडतो, बरोबर उलटे. व्यायाम कुठूनही सुरू होवो, पहिला आकडा स्नायू लांब होतानाचा.

सेकंद मोजायचे कसे? मनातल्या मनात मोजले तर चालते का?

पहिल्या तीन काउंटांपुरते चालते. दम लागला की मनातले 'एक, दोन, तीन' दीड सेकंदात संपते आणि हे स्वतःला कळत नाही.

मोबाइलवर मेट्रोनोमचे फुकट ॲप टाका, मिनिटाला ६० ठोके ठेवा आणि एका कानात इअरफोन लावा. तेही नको असेल तर बाजूने एक सेट शूट करा. समजा ठरवले होते ३-१-१-० आणि आठ काउंट. एका काउंटला ५ सेकंद, म्हणजे सेट ४० सेकंदांचा व्हायला हवा. व्हिडिओत २६ सेकंद दिसले तर प्रत्येक काउंट सव्वातीन सेकंदांचाच झाला. आता कुठला टप्पा चोरला गेला ते पाहा. दहापैकी नऊ जणांचा उतरवण्याचाच चोरलेला असतो. महिन्यातून दोनदा एवढी तपासणी पुरते. रोज घड्याळाकडे बघत व्यायाम केला तर जोरावरचे लक्ष उडते.

सावरून मारायला लागल्यावर माझे वजनच कमी झाले. ताकद गेली का?

ताकद तेवढीच आहे, झोका गेला. बेंच प्रेसला ५० किलो उसळी घेत मारणारा माणूस छातीवर एक सेकंद थांबून मारायला लागला की ४० ते ४५ वर येतो. हे १० ते २० टक्के उतरणे अपेक्षितच आहे. बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत जुना आकडा परत मिळतो, आणि या वेळी तो खरा असतो.

वाढवताना घाई नको. अनेक जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून एकदम ५ किलोची उडी. ४० किलोवर ती साडेबारा टक्के होते. म्हणून आधी काउंट वाढवा : ४० किलोवर ८ पासून १२ पर्यंत त्याच वेगात या, तिन्ही सेट १२ चे झाले की ४५ वर जा आणि पुन्हा ७-८ पासून सुरू करा. १२ वा काउंट उसळी घेऊन निघाला असेल तर तो धरू नका.

प्रत्येक व्यायामाला एकच वेग ठेवायचा का?

नाही, आणि सगळ्या प्रश्नांत हा खरा कामाचा प्रश्न आहे. शिरा, सांधे आणि वजनाची वाट प्रत्येक व्यायामात वेगळी असते.

स्क्वॉटमध्ये दोन ते तीन सेकंदांत खाली, तळाशी क्षणभर विसावा, मग पूर्ण जोर लावून वर. तळाशी उसळी मारणाऱ्याचे गुडघे आत वळतात आणि कंबर गोल होते, कारण त्या क्षणी मांड्या ढिल्या पडलेल्या असतात. चार सेकंदांपेक्षा हळू उतरू नका. पायांआधी श्वास आणि कंबर थकते, आणि सेट मांड्यांमुळे न थांबता कमरेमुळे थांबतो.

बेंच प्रेसला दोन सेकंद खाली, बार छातीला टेकवून अर्धा ते एक सेकंद, पण छातीवर आडवा न सोडता. स्पॉटर, म्हणजे बार सावरायला डोक्याशी उभा राहणारा जोडीदार, नसेल तर शेवटचा काउंट अंगात ठेवूनच थांबा.

डेडलिफ्टला वेगळा नियम. इथे उतरवणे लांबवले की पाठीचा कणा फार वेळ ओझ्याखाली राहतो. एक ते दोन सेकंदांत, बार पायाला घासत खाली आणा, जमिनीवर पूर्ण टेकवा, पाठ पुन्हा सरळ बसवा आणि मग पुढचा काउंट. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी सावकाश उतरवणे हवे असेल तर रोमानियन डेडलिफ्ट घ्या, म्हणजे गुडघे किंचितच वाकवून कमरेतून झुकत बार उतरवायचा. वजन कमी, खाली तीन सेकंद.

बायसेप कर्लमध्ये कंबर मागे गेली की समजा, वजन दंडाच्या ऐपतीबाहेरचे आहे. भिंतीला पाठ लावून मारून पाहा. १२ किलोचे डंबेल मारणारे कित्येक जण भिंतीला टेकल्यावर ८ वर येतात. खाली तीन सेकंद, आणि हात पूर्ण सरळ होऊ द्या.

खांद्याच्या लॅटरल रेझला (डंबेल बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत नेणे) तळाशी ताण जवळजवळ नसतो, वर सर्वांत जास्त असतो. म्हणून इथे थांबायचे ते वर, एक सेकंद. मग दोन-तीन सेकंदांत खाली. ५ किलो पुरे होतात.

पोटऱ्यांचा काफ रेझ हा वेगाचा सर्वांत मोठा बळी. टाचेवरची जाड शीर रबरासारखी ताणून उसळते. भराभर मारलेल्या काउंटांत बरेच काम तीच करते आणि पोटरीला फुकट विश्रांती मिळते. म्हणून पायरीच्या कडेवर उभे राहा, टाचा पूर्ण खाली सोडा आणि तिथे दोन सेकंद थांबा. उसळी मेली की वर या, वर एक सेकंद. भराभर ३० मारणाऱ्याला असे १२ मारताना घाम फुटतो.

दहा सेकंद वर, दहा सेकंद खाली, ही 'सुपर स्लो' पद्धत कशी आहे?

१९८० च्या दशकात अमेरिकेत केन हचिन्स यांनी ती रुजवली. तिच्यात झटका जवळजवळ नाही, त्यामुळे दुखापतीनंतर सांध्याला ओझ्याची सवय लावायला ती बरी. स्नायू वाढवायला मात्र महाग पडते. एवढ्या संथ काउंटसाठी वजन बरेच उतरवावे लागते, मिनिटभरात तीन काउंट होतात आणि मोठे तंतू कामावर यायच्या आधीच जळजळीने माणूस सेट सोडतो.

घरी ५-५ किलोची डंबेल आहेत, जिम परवडत नाही. मग तर हळू मारलेच पाहिजे ना?

हो. मुद्दाम हळू मारण्याला खरा अर्थ इथेच आहे. जपानमधल्या तानिमोतो आणि इशी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात तरुणांनी १२ आठवडे गुडघा सरळ करण्याचा व्यायाम केला. एका गटाने एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या निम्मे वजन घेतले. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, मध्ये एक सेकंद ताण धरून, स्नायू कुठेही ढिला न सोडता. दुसऱ्याने ८० टक्के वजन नेहमीच्या वेगाने उचलले. दोन्ही गटांच्या मांड्या जवळपास सारख्या वाढल्या. निम्मेच वजन नेहमीच्या वेगाने उचलणारा तिसरा गट मागे राहिला.

घरी असे करा : खाली तीन, वर तीन, कोपर किंवा गुडघा शेवटपर्यंत 'लॉक' न करता. पुढचा काउंट निघेनासा होईपर्यंत. २५-३० काउंटांनंतरही थकवा येत नसेल, तर वेग आणखी कमी करण्यापेक्षा वजन वाढवा. पिशवीत वाळू भरा, पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या घाला. एका लिटरला एक किलो, मोजायलाही सोपे.

तालमीत जोर-बैठका भराभर मारतात. ते चुकीचे आहे का?

मुळीच नाही. पहिलवानाला दम, लवचिकता आणि लढतीत अंग झटकन फिरवण्याची सवय हवी असते, आणि लयीत मारलेल्या शेकडो बैठका ते देतात. वस्ताद जी लय देतात ती कुस्तीसाठी आहे. तालमीत त्यांचेच ऐकावे.

मांड्या-छाती भरणे हाच हेतू असेल, तर त्याच जोर-बैठकांत थोडा बदल करा. बैठकीत खाली जाताना तीन सेकंद, टाचा उचलल्या गेल्यावर तळाशी एक सेकंद थांबा, हाताचा झोका न घेता वर या. जोर काढताना छाती खाली सरकवण्याला तीन सेकंद द्या. १०० बैठका मारणाऱ्यालाही अशा २५-३० पुरतात. त्या सहज निघायला लागल्या की कुशीत १० किलोची प्लेट धरा. कुस्तीच्या सरावाच्या दिवशी मात्र हे करू नका, पाय मॅटवर जड होतात.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचा आहे. त्यासाठी हळू वजन मारून फायदा होईल?

थोडाच. संक्रांतीला निघणाऱ्या सात नंदीध्वजांपैकी एखादा पेलणे म्हणजे उंच काठी कमरेशी तोलून चालणे. तिथे स्नायू लांब-आखूड फार होत नाही. एकाच जागी आवळून धरावा लागतो आणि तोल सतत सावरावा लागतो. म्हणून धरून ठेवण्याचा सराव करा : छातीशी प्लेट कवटाळून ३० ते ४० सेकंद चालणे, दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणे, पोट-कमरेसाठी प्लँक. आठवड्यात दोन दिवस स्क्वॉट आणि पाठीचे व्यायाम जोडा. काठीचा तोल शेवटी काठीवरच शिकावा लागतो. जुन्या मानकऱ्यांच्या हाताखाली सराव करण्याला दुसरा पर्याय नाही.

पोलीस भरतीची तयारी करतो. गोळा लांब जावा म्हणून कसे मारू?

वर नेताना कधीही मुद्दाम हळू नको. मुलांचा ७.२६० किलोचा असो की मुलींचा ४ किलोचा, गोळा हातात असतो तो क्षणभर, आणि त्या क्षणात जोर उभा करायची सवय मज्जातंतूंना लागावी लागते. बेंच प्रेसवरच्या स्पॅनिश संशोधकांच्या २०१४ मधल्या प्रयोगात, तेच वजन निम्म्या वेगाने उचलणाऱ्यांपेक्षा पूर्ण जोर लावणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. बार जड असल्याने हळू गेला तरी हरकत नाही, मनातला जोर पूर्ण हवा.

आणि सेट कुठे थांबवता त्यानेही फरक पडतो. २०१७ मध्ये पारेहा-ब्लांको आणि सहकाऱ्यांनी स्क्वॉटवर आठ आठवडे दोन गट चालवले. एकाने बारचा वेग २० टक्क्यांनी घटताच सेट थांबवला, दुसऱ्याने ४० टक्क्यांपर्यंत रेटला. रेटणाऱ्यांच्या मांड्या जास्त भरल्या. लवकर थांबणाऱ्यांची उडी जास्त सुधारली, आणि ताकद दोघांची जवळपास सारखीच वाढली. भरतीला दोन-अडीच महिने असतील तर जाडी विसरा. ४-५ काउंटचे झटपट सेट, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती, बार रेंगाळला की थांबा.

आई साठीची आहे, जिना चढताना कठडा धरते. तिने हळूहळूच करावे ना?

उतरताना हळू, उठताना चपळ. वयाबरोबर ताकदीपेक्षा चपळाई लवकर ओसरते, आणि पाय अडखळला की तोल सावरते ती चपळाईच.

भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, न हलणारी खुर्ची घ्या. हात छातीवर. तीन सेकंदांत बसायचे, धपकन नाही. आणि एका सेकंदात उठायचे. आठ काउंटचे दोन सेट, आठवड्यात दोन-तीन दिवस. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमेल तशी काढा. गुडघ्यात टोचून दुखले तर उंची वाढवा, तरीही दुखले तर डॉक्टरांना दाखवा.

बीपीची गोळी चालू आहे. हळू मारणे जास्त सुरक्षित का?

उलटही होऊ शकते. श्वास रोखून लांबवलेला काउंट रक्तदाब झटकन चढवतो. डॉक्टरांची परवानगी घ्या, वजन मध्यम ठेवा, १२ ते १५ काउंटचे सेट घ्या आणि ताकद संपायच्या तीन-चार काउंट आधी थांबा. वर नेताना तोंडाने मोठ्याने मोजा. बोलणाऱ्याला श्वास रोखताच येत नाही, त्यामुळे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

लूमवर (यंत्रमागावर) बारा तासांची पाळी असते. पाय आधीच गेलेले असतात. मग?

आठवड्यात दोन दिवस, ४० मिनिटे, चार-पाच व्यायाम पुरेत. सावकाश उतरवण्याचे पायांचे व्यायाम सुट्टीच्या आदल्या रात्री ठेवा. सवय नसताना ते केले की अंगदुखी २४ ते ७२ तासांत चढते, आणि तशा पायांनी पाळीवर उभे राहणे म्हणजे छळ. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एकच सेट.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात काही बदलायचे का?

पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याच्या छताखालची जिम संध्याकाळीही भट्टी असते. सकाळी सहाची वेळ गाठा. दीर्घ, संथ सेट कमी करा. ८ काउंटच्या आसपास राहा आणि विश्रांती तीन मिनिटांपर्यंत वाढवा. घामाने पकड सुटते, म्हणून हातरुमाल जवळ हवाच, बेंच प्रेसला तर नक्की.

एक खूण कधीही दुर्लक्षू नका. खूप दिवसांनी जोराचा व्यायाम झाला, स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फाटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि किडनीवर भार येतो. 'उद्या बघू' म्हणण्याची ही गोष्ट नाही.

वेग बरोबर ठेवला तर खाण्याकडे थोडे दुर्लक्ष चालेल?

चालणार नाही. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने धरा. ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम असतात, पण उष्मांकही भरपूर. त्यामुळे दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर दिवस निघतो, आकडा भरत नाही. डाळ, दही, अंडी, मटकी, चिकन यांतले काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात हवे.

वहीत नेमके काय लिहावे?

तारीख, व्यायाम, वजन, काउंट, वेग आणि अंगात किती काउंट शिल्लक होते. एवढेच, एका ओळीत : 'बेंच, ४०, १०-९-८, २-१-१-०, शिल्लक १.' पुढच्या आठवड्यात त्याच वेगात ४० किलोवर १०-१०-९ निघाले तर छाती खरोखर पुढे गेली. वेगाच्या जागी १-०-१-० आले आणि काउंट १२-१२-१२ झाले, तर ती ओळ मागच्या ओळीशी ताडूच नका, खाली नवी रेघ मारून मोजणी पुन्हा सुरू करा. पहिल्या महिन्यात काउंट भराभर वाढतील, कारण आधी मज्जातंतू शिकतात. शर्टाच्या बाहीत फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. दर चार आठवड्यांनी, सकाळी, व्यायामाच्या आधी, दंड आणि मांडी त्याच जागी टेपने मोजून तो आकडाही त्याच वहीत मागच्या पानावर टाका.